मामांचं व्हीपीएन आणि ‘द्वारा’चा पत्ता

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मामांकडे पोचलो तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. चष्मा कपाळावर, डेबिट कार्ड हातात, आणि स्क्रीनवर उलटं पळणारं घड्याळ: ऑफर संपायला अकरा मिनिटं बाकी. वर लाल पट्टीत लिहिलेलं, ‘तुमचा आयपी ॲड्रेस सगळ्यांना दिसतोय! तुम्ही सुरक्षित नाही!’

“बरा आलास,” मामा म्हणाले. “हे व्हीपीएन घेतो म्हणतोय. दोन वर्षांचे एकदम भरले तर सत्तर टक्के सूट आहे. यूट्यूबवर तो पोरगा रोज सांगतो, याच्याशिवाय बँकेचं काही करू नका म्हणून.”

मी आधी कार्ड पाकिटात ठेवायला लावलं. गप्पा मारता मारता घड्याळ शून्यावर गेलं. पान रिफ्रेश केलं, तर घड्याळ परत पंधरा मिनिटांवर. मामांनी आयुष्यभर हिशेब तपासायची नोकरी केली आहे. त्यांना एवढं पुरे होतं. खुर्ची वळवून म्हणाले, “आता नीट सांग. हे नेमकं करतं काय?”

तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितो, कारण असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा येतोच.

आधी ती लाल पट्टी. आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता. तो सगळ्यांना दिसतो हे खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा ती तिचं पान कुठे पाठवायचं हे तिला कळायला हवंच. पोस्टमनला घराचा पत्ता माहीत आहे म्हणून घराचं दार उघडं आहे असं कुणी म्हणत नाही. शिवाय हा पत्ता दिसतो तितका नेमकाही नसतो. मामांच्या आयपीवरून त्या जाहिरातीनेच त्यांचं गाव ‘पुणे’ असं दाखवलं होतं. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात, मोठ्या सोसायटीच्या गेटवर एकच पाटी असावी तसा. आत कोण कुठल्या फ्लॅटमध्ये, हे कंपनीलाच ठाऊक.

आता मुख्य मुद्दा. त्यासाठी मला मामांच्याच तरुणपणात जावं लागलं. लग्न ठरल्यावर मामा मामीला पत्रं लिहायचे. मामीचे वडील कडक, म्हणून पत्रं थेट घरी जात नसत. ती जायची मामीच्या कऱ्हाडच्या एका मैत्रिणीच्या पत्त्यावर, आणि पाकिटावर लिहिलेलं असायचं ‘द्वारा’ अमुक तमुक. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, मामी सोडून सगळे ती सांगतात.

इंटरनेट म्हणजे असाच पत्रव्यवहार समजा. तुमचा पोस्टमन म्हणजे ब्रॉडबँड कंपनी. प्रत्येक पत्र तिच्या हातून जातं आणि प्रत्येक उत्तर तिच्याच हातून येतं. पंधरा वर्षांपूर्वी यातली बहुतेक पत्रं म्हणजे उघडी पोस्टकार्डं होती. वाटेत कुणीही वाचावीत. २०१० साली फायरशीप नावाचं, ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन आलं. कॉफीच्या दुकानातल्या खुल्या वायफायवर बसून ते चालू केलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक तुमच्या स्क्रीनवर उघडायचं. ते बनवणाऱ्याला हेच दाखवायचं होतं, की बघा, सगळं उघड्यावर चाललंय. व्हीपीएनच्या जाहिराती आजही जी भीती दाखवतात ती त्या काळातली आहे, आणि तेव्हा ती रास्त होती.

त्यानंतर जगभरच्या साइट्सनी पत्रं पाकिटात घालायला सुरुवात केली. ॲड्रेसच्या सुरुवातीला दिसणारं एचटीटीपीएस म्हणजे ते बंद पाकीट. आधी त्यासाठी साइटवाल्याला दरवर्षी पैसे मोजावे लागत. २०१५च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने ते फुकट वाटायला सुरुवात केली आणि लहानसहान साइट्सही पाकिटात आल्या. आज तुमच्या बँकेचं पान, पासवर्ड, शिल्लक, सगळं बंद पाकिटातूनच जातं. पोस्टमनला काय दिसतं? पाकिटावरचा पत्ता. म्हणजे मामांनी बँकेची साइट उघडली, मग एका वर्तमानपत्राची, मग एका दवाखान्याची, एवढं ब्रॉडबँड कंपनीला कळतं. कुठल्या खात्यातून किती काढले, कुठली बातमी वाचली, कुठला आजार शोधला, हे कळत नाही.

हेही काही कमी नाही, हे मान्य. दवाखान्याचं नाव कळलं तरी माणूस बराच कळतो. आणि डिसेंबर २०२१मध्ये दूरसंचार परवान्यात बदल झाला, तेव्हापासून कंपन्यांना या नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात.

व्हीपीएन इथे येतं. ते तुमचं बंद पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालतं आणि त्यावर एकच पत्ता लिहितं: द्वारा, कऱ्हाडची मैत्रीण. पोस्टमनला दिसतं की मामा दिवसभर त्या एकाच पत्त्यावर पत्रं पाठवताहेत. मैत्रीण वरचं पाकीट फोडते, आतलं पाकीट स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवते, आणि उत्तर आलं की परत मोठ्या पाकिटात घालून मामांना देते. साइटला वाटतं पत्र कऱ्हाडहून आलंय.

“आणि मैत्रिणीला काय दिसतं?” मामांनी विचारलं. अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. पोस्टमनला आधी जे दिसत होतं ते सगळं आता तिला दिसतं. कुणाला पत्र, किती वाजता, किती वेळा. शिवाय पैसे तुम्ही कार्डाने भरले असतील तर तुमचं नावही. जाहिरातीत हे वाक्य कधी नसतं. व्हीपीएन घेतलं म्हणजे तुमच्यावरची नजर गेली असं होत नाही, ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत सरकते. म्हणून सगळा प्रश्न शेवटी एवढाच उरतो, की साताऱ्यातला ओळखीचा पोस्टमन तुम्हाला जास्त नकोसा आहे, की परदेशातली न पाहिलेली मैत्रीण?

आणि या मैत्रिणींचा इतिहास फारसा चांगला नाही. फेसबुकने २०१३ साली ओनाव्हो नावाची कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन फुकट होतं, ‘तुमचा डेटा सुरक्षित ठेवा’ म्हणून वाटलं गेलं. प्रत्यक्षात लोक कुठली ॲप्स किती वापरतात याची आकडेवारी त्यातून फेसबुककडे जात होती. व्हॉट्सॲप किती वेगाने वाढतंय हे फेसबुकला त्यातूनच दिसत होतं. २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेतलं, आणि ही आकडेवारी २०१८च्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेच्या एका समितीने कागदपत्रं खुली केली तेव्हा जगाला दिसली. पुढे २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणात फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१५ साली होला या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं. ते तुमची वाट दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमधून काढायचं आणि दुसऱ्यांची तुमच्या. शिवाय तुमच्या जोडणीची बँडविड्थ, म्हणजे तिची क्षमता, पैसे घेऊन तिसऱ्यालाच विकलीही जायची. म्हणजे कुण्या अनोळखी माणसाची उठाठेव तुमच्या घरच्या पत्त्यावर नोंदली जाणार.

फुकटवाले सोडा, पैसे घेणारेही. हाइडमायॲस नावाच्या ब्रिटिश कंपनीचं नावच लपण्यावरून ठेवलेलं. २०११ साली सोनीच्या साइटवर हल्ला करणाऱ्या टोळीतला एक तरुण अमेरिकेत पकडला गेला, तो याच कंपनीने न्यायालयाच्या आदेशावरून दिलेल्या नोंदींमुळे. त्याने गुन्हा केला होता, त्याची दया नको. पण ‘आम्ही लपवतो’ म्हणणाऱ्याकडेही वही असते, हे त्यातून कळतं. अँटिव्हायरसबरोबर फुकटात मिळणाऱ्या व्हीपीएनबद्दल लोक मला विचारतात. त्यांना मी अव्हास्टची गोष्ट सांगतो. लोकांच्या कॉम्प्युटरचं रक्षण करायचं म्हणून बसवलेल्या या सॉफ्टवेअरने वर्षानुवर्षं लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास एका उपकंपनीमार्फत विकला. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल केले.

दुसऱ्या बाजूलाही उदाहरणं आहेत, ती न सांगणं अन्यायाचं होईल. स्वीडनच्या मुलव्हाड कंपनीच्या कार्यालयात एप्रिल २०२३मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले आणि ग्राहकांची काही माहिती न घेता परत गेले, कारण ती ठेवलेलीच नव्हती. ही कंपनी खातं उघडताना ईमेलसुद्धा विचारत नाही, नुसता एक आकडा देते, आणि पाकिटातून रोख पैसे पाठवले तरी चालतात. म्हणजे चांगली मैत्रीण मिळू शकते. पण ती शोधायला ‘सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ छापाच्या याद्या वाचू नका. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ साली ९३ कोटी ६० लाख डॉलरला एक्सप्रेसव्हीपीएन विकत घेतलं. त्याच वर्षी तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या साइट्स चालवणारी कंपनीही घेतली. नवरदेवच मध्यस्थ असलेलं हे स्थळ.

भारतात याला आणखी एक पदर आहे. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे बेकायदेशीर नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी त्यावर बंदीचे आदेश काढले आहेत, तो अपवाद. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेला आयपी आणि व्हीपीएन कशासाठी घेतलं हे कारणसुद्धा नोंदवून ५ वर्षं जपून ठेवावं. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. नोंदी ठेवायच्या नाहीत म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्या वर्षी भारतातले सर्व्हर काढून नेले. आता त्यांच्या यादीत ‘भारत’ निवडलंत तर पत्ता भारतातला दिसतो, पण यंत्र सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी उभं असतं. म्हणजे पत्र साताऱ्याहून निघून सिंगापूरला वळसा घालून मुंबईच्या बँकेत पोचणार.

या वळशाची किंमत वेगात मोजावी लागते. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ७० मिलिसेकंद, आणि तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. पिक्चर बघायला याने फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलवर आणि गेम खेळणाऱ्या नातवाला पडतो.

“ते राहू दे,” मामा म्हणाले. “माझ्या बँकेचं सांग.”

मामांना भीती होती चोरांची. आणि साताऱ्यातल्या निवृत्त माणसाचे पैसे आज चोर कसे नेतो? व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल पाठवतो. पोलिसांचा वेश करून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. वीज तोडण्याचा मेसेज पाठवून लिंक दाबायला लावतो. यातल्या एकाही ठिकाणी चोर वाटेत पत्र फोडत नाही. तो सरळ दारात येतो आणि आपणच त्याला किल्ली देतो. व्हीपीएन लावलेलं असेल तर ती किल्ली दोन पाकिटांत घालून, अगदी जपून, चोराच्या हातात पोचेल.

जाहिरातींपासून सुटका होईल असाही एक समज असतो. तुम्ही गुगलमध्ये लॉगिन करून बसलात तर गुगल तुम्हाला नावाने ओळखतं, पत्ता कऱ्हाडचा असो की झुरिकचा. लॉगिन नसलं तरी कुकीज, म्हणजे साइट्सनी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या, असतात, आणि स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती या सगळ्यावरून कॉम्प्युटरचा ठसा घेता येतो. पत्ता बदलून हस्ताक्षर बदलत नाही. उलट बँका आणि सरकारी साइट परदेशी पत्ता दिसला की दचकतात. ओटीपीवर ओटीपी, ‘मी यंत्रमानव नाही’ म्हणून ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडा, नाहीतर पान उघडतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी मामा व्हीपीएन घ्यायला निघाले होते, नेमकं त्याच कामाच्या वेळी ते बंद करावं लागलं असतं.

मग घ्यायचं कुणी? सतत हॉटेलच्या आणि विमानतळाच्या वायफायवर काम करणाऱ्याने घ्यावं. तिथला पोस्टमन अनोळखी असतो. तिथेही एचटीटीपीएसचं पाकीट आहेच, पण वर आणखी एक असलेलं बरं. पत्रकार, वकील, कार्यकर्ते, ज्यांनी कुठली साइट उघडली एवढं कळणंही महागात पडू शकतं, त्यांनी घ्यावं, आणि त्यांनी फक्त व्हीपीएनवर विसंबू नये. ज्याला आपल्या ब्रॉडबँड कंपनीचा खरोखर भरवसा नाही, त्याचंही मी समजू शकतो. घरून काम करणाऱ्यांना ऑफिस जे व्हीपीएन देतं ते वेगळंच प्रकरण आहे. त्यातून तुम्ही ऑफिसच्या आतल्या जाळ्यात शिरता, लपत नाही. उलट ते चालू असताना तुम्ही काय उघडता ते ऑफिसला दिसू शकतं. ते चालू ठेवून स्थळांच्या किंवा नोकऱ्यांच्या साइट बघणाऱ्या एकदोघांना मी ओळखतो.

घ्यायचंच ठरलं तर एक महिन्याचं घ्या, दोन वर्षांचं नको. ती सत्तर टक्के सूट पहिल्या मुदतीपुरती असते आणि नंतर कार्डावरून पूर्ण किंमत आपोआप कापली जाते. नोंदी न ठेवण्याच्या दाव्याची बाहेरच्या कुणी तपासणी केली आहे का बघा. ‘किल स्विच’ हा पर्याय चालू करा. व्हीपीएन मध्येच तुटलं तर तो इंटरनेटही थांबवतो, नाहीतर मधली पत्रं मोठ्या पाकिटाशिवाय जातात. आणि फुकटच हवं असेल तर पैसेवाल्या चांगल्या कंपनीचा मर्यादित फुकट प्लॅन घ्या, स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचा आहे तसा. तो खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांतून निघतो, त्यामुळे तुमची माहिती विकायची गरज पडत नाही.

मामांच्या घरी मात्र आम्ही वेगळंच काम केलं. राउटरचा वायफाय पासवर्ड जोडणी करून देणाऱ्या पोराने ठेवला होता तोच होता, मामांचा मोबाइल नंबर. समोरच्या क्लासमधली निम्मी मुलं त्यावर क्रिकेट बघत असणार. तो बदलला. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड ‘ॲडमिन’ होता, तोही बदलला. विंडोजचे अडकून पडलेले अपडेट केले, ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाकलं. सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएस चालू केलं, म्हणजे साइटचा पत्ता विचारण्यासाठीची चिठ्ठीही बंद पाकिटातून जाते. (ती वाचणारा आता दुसरा झाला, हे मामांनीच ओळखलं. शिष्य तयार झाला होता.) ईमेलला दुहेरी पडताळणी लावली. आणि फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात १९३० लिहिलं. पैसे गेले तर पहिल्या तासात फोन करायचा तो सायबर फसवणुकीचा नंबर.

खर्च शून्य. मामी म्हणाली, बरं झालं, त्या पैशात किराणा भरू.

पण गोष्ट इथे संपली नाही. मामांची मुलगी म्युनिकला असते. तिला एका सरकारी साइटवर अर्ज भरायचा होता आणि ती साइट जर्मनीतून उघडतच नव्हती. भारतातला पत्ता हवा. विकतच्या व्हीपीएनवर तिने आपल्या पॅन-आधारची कामं करावीत असं मला वाटेना. म्हणून मामांच्या कॉम्प्युटरवर आणि तिच्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. घरगुती वापराला ते फुकट आहे. ते वायरगार्ड या पद्धतीवर चालतं, म्हणजे तीच मोठ्या पाकिटाची युक्ती, फक्त मधली मैत्रीण आता विकतची नाही. म्युनिकचं पत्र साताऱ्याच्या घरी येतं आणि तिथून साताऱ्याचा पत्ता घेऊन बाहेर पडतं.

“म्हणजे आता पोरीची पत्रं माझ्या द्वारा?” मामा म्हणाले.

“हो. आणि ती जे काही उघडेल ते तुमच्या नावावर नोंदलं जाईल.”

“लहानपणापासून तेच चाललंय.”

चार दिवसांनी मी पुण्यात परतल्यावर रात्री अकराला मामांचा फोन. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, ताई ऑफिसातून येऊन अर्ज भरायला बसली होती आणि काही उघडेना. मामांनी नेहमीच्या सवयीने दहाला कॉम्प्युटर बंद करून, वर मेन स्विचही काढला होता. चालू करायला सांगितलं. पाच मिनिटांनी परत फोन. “अरे, निळा पडदा आलाय आणि अपडेट चालू आहे म्हणतोय. सत्तावीस टक्के. बसू का झोपू?”